एज्युकेशन लोन काढताना मला कोणी सांगितलं नव्हतं ते

2018 ला इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली तेव्हा आमच्या घरात बँकेचं कर्ज म्हणजे फक्त पीककर्ज माहीत होतं. राजर्षी शाहू योजनेमुळे ट्यूशन फी अर्धीच भरायची होती, पण हॉस्टेल, मेस आणि राहिलेली फी धरून वर्षाला 95 हजार लागत होते आणि ते घरात नव्हते. सीनिअरने विद्यालक्ष्मी पोर्टलचं नाव सांगितलं. तिथे शैक्षणिक कर्जाचा ऑनलाइन फॉर्म एकच होता, तोच तीन बँकांना पाठवता यायचा, मी सायबर कॅफेत बसून भरला आणि मनात धरलं की आता बँक स्वतःच फोन करेल. पंधरा दिवस काहीच नाही. फॉर्म ऑनलाइन भरला तरी प्रिंट घेऊन शाखेत जावंच लागतं, आणि शक्यतो घराजवळच्याच शाखेत जा, कारण कॉलेजच्या गावातली शाखा "तुमच्या तालुक्यात जा" म्हणून परत पाठवते.

तालुक्याच्या शाखेत साहेबांनी पहिल्यांदा मागितला सातबारा. पप्पा लगेच काढून आणायला तयार झाले होते. खरं तर 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आपले पैसेही घालावे लागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, बस. 4 लाखांच्या वर गेलं की भारतातल्या कॉलेजसाठी 5 टक्के आपले घालावे लागतात. 7.5 लाखांपर्यंत सरकारी हमी योजना आहे, म्हणजे तिथेही जमीन गहाण टाकायची गरज नसते. मी एवढंच म्हणालो, साहेब, नाही म्हणताय तर कारण लिहून द्या. आवाज थरथरत होता माझा, पण पुढच्या आठवड्यात फाइल हलली.

सॅन्क्शन लेटर हातात आलं की आनंदाच्या भरात सही करू नका, घरी आणा, एक रात्र ठेवा. व्याजदर रेपोला (रिझर्व्ह बँकेच्या दराला) जोडलेला म्हणजे बदलणारा आहे का, मोरॅटोरिअम म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सूट किती (साधारण कोर्स अधिक 1 वर्ष), विम्याचा प्रीमियम कर्जातच टाकलाय का, हे बघा. आणि मंजूर झालं तेवढं सगळं उचलायचंच असं काही नसतं. मला 4 लाख मंजूर होते, शेवटच्या वर्षी इंटर्नशिपचे पैसे यायला लागले म्हणून मेसचे पैसे घेतलेच नाहीत. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं, त्यामुळे हा फरक पुढे कळतो. 4 लाखांवर 9 टक्क्याने 7 वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे 6,440 बसतो आणि एकूण 5 लाख 41 हजार जातात, 15 वर्षं घेतली तर हप्ता 4,057 वर येतो पण एकूण 7 लाख 30 हजार भरता.

आता माझं नुकसान कुठे झालं ते सांगतो. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मोरॅटोरिअममधलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं, ही योजना 2009 पासून आहे, कोर्स प्रोफेशनल किंवा टेक्निकल पाहिजे. मी तहसीलदारांचा दाखला फाइलला लावला होता, त्यामुळे निवांत होतो. सेकंड इयरला पासबुक भरून घेतलं तर व्याजाची नोंद खाली खाली वाढत गेलेली, आणि अनुदान जमा झाल्याची एक ओळसुद्धा नाही. चौकशी केली तर कळलं की दाखला फाइलमध्येच पडून होता, शाखेने अनुदानाचा क्लेम नोडल बँकेच्या (सगळ्या बँकांचे क्लेम जिथे जातात ती बँक) पोर्टलवर टाकलाच नव्हता आणि त्या वर्षीची मुदत संपली होती. माझ्याकडे दाखला दिल्याची पोचही नव्हती, मग भांडणार कशाच्या जोरावर? साडेआठ हजारांच्या आसपास व्याज माझ्या डोक्यावर बसलं. त्या महिन्यात आईने भिशीचे पैसे मला पाठवले होते, ते अजून आठवतं.

नोकरी लागल्यावर दोन गोष्टी कामाला येतात. मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो, म्हणून बोनस आला की थोडं भरून टाकतो. आणि भरलेल्या व्याजावर (1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम 80ई) 8 वर्षं टॅक्समध्ये वजावट मिळते, फक्त जुन्या टॅक्स पद्धतीतच.

आता धाकट्या बहिणीची ॲडमिशन झालीये. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, त्यामुळे तिला लोन फक्त हॉस्टेलपुरतं लागतंय. नोव्हेंबर 2024 ला पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, पात्र कॉलेजांच्या सुरुवातीच्या यादीत 860 संस्था होत्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. यादी बदलत राहते, म्हणून कॉलेजचं नाव आधी शोधा मग फॉर्म भरा.

काल तिच्यासोबत शाखेत गेलो होतो. उत्पन्नाचा दाखला आणि व्याज अनुदानाचा अर्ज दिला, आणि झेरॉक्सवर गोल शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हललो नाही. ती पोच आता आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत आहे.