वडाचा पार बारा कोनांतून: स्केचअपमध्ये सबडी वापरून वळणदार बैठक

सदाशिव पेठेत नागनाथ पार हे नाव अजून रोजच्या पत्त्यात आहे. जुने पार काळ्या दगडाचे, चौकोनी किंवा गोल, त्यामुळे मॉडेल करायला सोपे. हल्ली सोसायटीच्या वडाभोवती एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) किंवा फेरोसिमेंटची (जाळीवर सिमेंट थापलेली), कुठे रुंद होणारी, कुठे पाठ उचलून घेणारी बैठक मागतात, आणि तिथे स्केचअप या त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरचा हात आखडतो. सपाट पृष्ठ आणि सरळ कड ही त्याची मातृभाषा. वळणदार आकारासाठी सबडीसारखं प्लगइन, म्हणजे स्केचअपला जोडायचं जादा साधन, लागतं.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. स्केचअपमधलं 'सॉफन एजेस' आकार गुळगुळीत करत नाही. ते कडा लपवतं आणि सावली मऊ दाखवतं, बिंदू जागचे हलत नाहीत. रेंडरमध्ये गोल दिसलेला पार वर्कशॉपमध्ये कोनाकोनांचा निघतो, तो यामुळेच. सबडी खरोखर नवे बिंदू तयार करतं. त्यामागचा नियम कॅटमल आणि क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेला आहे: प्रत्येक चौकोनाचे चार होतात आणि प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकतो. सरासरीकडे सरकतो म्हणजे आकार आक्रसतो. बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

लागणारी दोन प्लगइन म्हणजे सबडी आणि चौकोनांच्या जाळीवर काम करणारं क्वाडफेस टूल्स. पहिलं विकत घ्यावं लागतं (चाचणी मुदत मिळते), दुसरं फुकट आहे. प्लगइनची (स्केचअपच्या भाषेत एक्स्टेन्शनची) आरबीझेड फाइल एक्स्टेन्शन मॅनेजरमधून बसवायची. ब्राउझरमधल्या स्केचअपला एक्स्टेन्शन बसत नाहीत, संगणकावर इन्स्टॉल केलेली आवृत्तीच हवी.

साधी जाळी

सबडी ज्यावर चालवायचं ती मोजक्या चौकोनांची जाळी आधी बांधू. माप ठरवू. बुंधा सुमारे ९०० मिमी व्यासाचा. मुळांना पाणी आणि हवा मिळायला भोवती किमान १ मीटर माती उघडी ठेवायची, म्हणून आतली त्रिज्या १५०० मिमी धरली. बैठकीची रुंदी ५५०, म्हणजे बाहेरची त्रिज्या २०५०. उंची ४५०.

आता हेच आकडे टाइप केलेत तर पार लहान निघेल. बारा कोनांचं कडं गुळगुळीत केल्यावर त्रिज्या मूळच्या सुमारे ९५.५ टक्के उरते. आठ कोन घेतले तर ९० टक्के, सोळा घेतले तर ९७.५ टक्के. बारासाठी हव्या त्या त्रिज्येला १.०४७ ने गुणायचं: १५०० चे १५७० आणि २०५० चे २१४६. सोळा कोन जास्त अचूक असले तरी नंतर हाताने ओढायचे बिंदू वाढतात आणि पृष्ठावर लाटा येतात. मुक्त आकाराला बारा पुरतात.

सर्कल टूल घेऊ नका, पॉलिगॉन घ्या. सर्कलला पुश-पुल करून (पृष्ठ ओढून) उंची दिली की उभ्या कडा आपोआप मऊ होऊन लपतात आणि पुढे चौकोन ओळखताना घोळ होतो. पॉलिगॉन टूल निवडून १२ आणि लगेच एस टाइप करा, एंटर. केंद्रावर क्लिक करून त्रिज्या २१४६. त्याच केंद्रावर, त्याच दिशेने दुसरा, १५७० चा. मधली तबकडी खोडा. मग दोन्ही कडांवर राइट क्लिक करून 'एक्स्प्लोड कर्व्ह' करा. हे राहिलं तर एक कोपरा ओढताना अख्खा बहुकोन लहानमोठा होतो आणि दोष प्लगइनला जातो.

पुढचा क्रम बदलू नका. आधी कड्याचं अखंड पृष्ठ ४५० वर उचला. आडव्या रेषा आधी मारून बारा तुकडे एकेक करून उचललेत, तर दोन तुकड्यांच्या मधली भिंत आत शिल्लक राहू शकते. वरून ती दिसत नाही. पण एका कडेला तीन पृष्ठं चिकटली की सरासरी कुठल्या दोन पृष्ठांची घ्यायची हे ठरत नाही, आणि सबडी चालवल्यावर तिथे पीळ पडतो किंवा आकार फाटतो.

उचलून झालं की तळाचं पृष्ठ निवडून डिलीट करा. तळ बंद ठेवला आणि भिंतींवर जादा रेषा नसल्या, तर गुळगुळीत झाल्यावर ४५० ची उंची ४१२ वर येते, तळ जमिनीपासून जवळजवळ १९ मिमी अधांतरी राहतो आणि पाराऐवजी फुगवलेली टायरची ट्यूब मिळते. तळ उघडा असला की खालची कड जमिनीवरच राहते.

माथ्यावर ऑफसेट टूलने बाहेरच्या कडेपासून ६० मिमी आत आणि आतल्या कडेपासून ६० मिमी बाहेर अशा दोन कड्या काढा. मग कोपऱ्याला कोपरा जोडणाऱ्या बारा रेषा. खालच्या दोन्ही कड्या निवडून, मूव्ह टूलमध्ये कंट्रोल दाबून ३९० मिमी वर नक्कल करा, भिंती त्या रेषेवर आपोआप विभागल्या जातात. आता बाहेर २४, आत २४ आणि माथ्यावर ३६ मिळून ८४ चौकोन झाले. सगळं निवडून ग्रुप करा, कारण सबडी ग्रुप किंवा कंपोनंटवर चालतं.

कडेजवळचे लूप

कडेपासून ६० मिमीवर फिरणाऱ्या या रेषा, म्हणजेच लूप, कशाला? त्या कड धरून ठेवतात. त्यांच्यामुळे बैठकीचा माथा मध्ये सपाट राहतो आणि उंची पूर्ण ४५० मिळते. कोपरा मात्र दोन्ही अंगांनी १० मिमी आत येतो. पोरांच्या गुडघ्यांना तेवढी गोलाई हवीच.

फसगत पुढे आहे. लूप ६० वर ठेवला म्हणजे गोलाई ६० मध्ये संपेल असं वाटतं, पण ती भिंतीवर सुमारे ११५ आणि माथ्यावर सुमारे १२५ मिमीपर्यंत पसरते, कारण लूपच्या पलीकडचा चौकोन लांबलचक आहे आणि तो गोलाई आपल्याकडे ओढतो. लूप ३० वर नेला तरी भिंतीवर पसरण ९५ मिमीच राहते, फक्त कोपरा ५ मिमीच कापला जातो. गोलाई खरंच ६० मध्ये आटोपायची असेल, तर कडेपासून १२० मिमीवर दुसरा लूप टाका. समान अंतराचे दोन लूप असले की गोलाई बरोबर पहिल्या लूपवर थांबते.

सबडीत क्रीज टूलही आहे, एखादी कड टक्क्यांत टोकदार ठेवता येते. जमिनीला टेकणाऱ्या किंवा दुसऱ्या भागाला जोडायच्या कडेसाठी ते ठीक. बसायच्या कडेवर पूर्ण क्रीज नको: पाय कापणारी धार येते आणि साच्यातून एफआरपी निघताना तिथेच टवका उडतो.

पाठ उचलताना

ग्रुपमध्ये शिरून सगळे चौकोन निवडा आणि क्वाडफेस टूल्समधलं 'ट्रायँग्युलेट' चालवा. ही पायरी टाळू नका. चौकोनाचा एक कोपरा उचलला की तो सपाट राहत नाही आणि स्केचअप स्वतःच्या मर्जीने कर्ण टाकतं. तो कर्ण क्वाडफेसला साधी कड वाटतो, म्हणजे चौकोनाचे दोन त्रिकोण मोजले जातात आणि पृष्ठावर सुरकुत्या येतात. क्वाडफेस आपला कर्ण खुणेने टाकतं: कड मऊ, स्मूथ आणि सावली न पाडणारी. या तीन गुणांवरूनच ते पुढे दोन त्रिकोणांना एक चौकोन समजतं. नेहमीच्या खोडरबराने किंवा सॉफन स्लायडरने त्या कर्णांना हात लावलात की खूण बिघडते.

पाठीसाठी माथ्यावर बाहेरच्या कडेपासून १२० मिमीवर एक लूप लागतोच, तो पाठीचं मूळ. नाहीतर पाठ उचलताना अख्खी बैठक घसरगुंडी होते. क्वाडफेसमध्ये एक आडवी कड निवडून 'सिलेक्ट रिंग' आणि मग 'इन्सर्ट लूप' केलं की तो सगळीकडे फिरतो. मग सलग चार भागांतली बाहेरची कड आणि ६० वरची कड मिळून निवडा आणि ३५० वर उचला, वाटल्यास १०० बाहेर झुकवा. हाती ३५० येत नाहीत, ३३५ च्या आसपास येतात. नेमके हवे असतील तर आधीच १६ मिमी जास्त उचला.

पावसाचा विचार मॉडेलमध्येच करा. सपाट माथ्यावर पाणी साचतं आणि चार महिन्यांत शेवाळ धरतं. ५० ला १ उतार म्हणजे ५५० च्या बैठकीला ११ मिमी. माथ्यावरच्या प्रत्येक कडीला तिच्या अंतराच्या प्रमाणात खाली घ्या, आतली सगळ्यात खाली, म्हणजे पाणी झाडाला जाईल.

आता ग्रुपमधून बाहेर येऊन सबडी चालू करा. काम करताना पातळी (चौकोन किती वेळा चारांत फोडायचे ते) १ किंवा २ ठेवा. आकार बदलायचा झाला की सबडी बंद करून साध्या जाळीवरच बदल करा. गुळगुळीत झालेल्या जाळीचे बिंदू ओढणं म्हणजे शिजलेल्या भातातून खडे वेचणं.

८४ चौकोनांचे पहिल्या पातळीला ३३६, दुसऱ्या पातळीला १३४४ आणि तिसऱ्या पातळीला ५३७६ होतात, त्रिकोण त्याच्या दुप्पट. पाठीचा लूप घातला की १२ ची भर मुळातच पडते. कुठे थांबायचं? दुसऱ्या पातळीला बाहेरच्या कडेचे ४८ तुकडे होतात आणि खऱ्या वळणापासून फरक सुमारे ४.४ मिमी, तिसरीला ९६ तुकडे आणि १.१ मिमी. फोम कापून वर पुट्टी घासायची असेल तर तिसरी भरपूर झाली. चौथी फक्त फाइल जड करते.

बिघडलं तर

एकाच जागी गाठ किंवा चिमटा दिसला तर त्या बिंदूत किती कडा येतात ते मोजा. चारपेक्षा कमी-जास्त असतील तर आवळल्यासारखं दिसणारच. असा बिंदू काढता येत नसेल तर पाठीमागे, नजर जाणार नाही अशा जागी ढकला. काळपट डाग दिसले तर फेस स्टाइल मोनोक्रोम करून पाहा: उलटी पृष्ठं निळसर-करडी दिसतात, एका सुलट्या पृष्ठावर 'ओरिएंट फेसेस' केलं की बाकीची वळतात. पृष्ठात भोकं पडत असतील तर मॉडेल फार लहान आहे. मिलिमीटरच्या आसपासच्या कडा स्केचअप गिळून टाकतं. टेबलावर ठेवायची प्रतिकृती करतानाही काम पूर्ण मापात करा, छोटं शेवटी.

भोसरीतल्या वर्कशॉपला फाइल द्यायच्या आधी ग्रुपची नक्कल करून मूळ बाजूला ठेवा. नकलेत खालच्या कडेवरच्या एका रेषेवर पुन्हा रेषा मारली की तळ भरतो. मध्ये तबकडीही भरली तर आतल्या कडेवर तसंच करून ती खोडा. एन्टिटी इन्फोमध्ये 'सॉलिड ग्रुप' आणि आकारमान दिसलं पाहिजे. न दिसल्यास आत भिंत किंवा सुटी रेषा उरलेली आहे. साचा वरून उचलायचा असेल तर भिंतींना ३ अंशांचा उतार हवा, ४५० उंचीला तो सुमारे २४ मिमी होतो आणि साध्या जाळीतच द्यायचा असतो. एसटीएल (वर्कशॉपला द्यायची, त्रिकोणांत मांडलेली फाइल) काढताना एकक मिलिमीटर निवडा आणि ते वर्कशॉपला लिहून कळवा, कारण एसटीएल फाइलमध्ये एकक नोंदलेलं नसतं. इंच समजून उघडली तर पार शंभर मीटरचा निघतो.

ब्लेंडर हे दुसरं त्रिमितीय सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना प्लगइन लागत नाही. सबडिव्हिजन सरफेस मॉडिफायर, लूपसाठी कंट्रोल-आर, क्रीजसाठी शिफ्ट-ई. वरचे सगळे आकडे तिथेही तसेच लागू, नियम तोच आहे. फक्त नावाला भुलून 'स्मूथ' मॉडिफायर लावू नका, तो नवे चौकोन न करता आहे ते बिंदू सरासरीकडे ढकलत राहतो आणि दर फेरीला पार बारीक होत जातो.