फियाटचे मागचे शॉकअप बदलताना

स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर जुन्या फियाटचा मागचा भाग डुलत राहिला, की लोक थेट नवे शॉकअप आणायला निघतात. आधी गाडीखाली वाकून बघा. या फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं, मागचं वजन कमानपाटे (लीफ स्प्रिंग) पेलतात. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. गाडी एका अंगाला बसली असेल तर नवा शॉकअप तिला उचलणार नाही.

डिक्कीचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, झुलत राहिली तर शॉकअप गेला. नळीवर तेलाचा नुसता ओलसरपणा चालतो, ओघळ मात्र चालत नाही. आणि खड्ड्यात नुसतं खट्‌खट् वाजत असेल तर आधी शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश तपासा. माझ्या 1986च्या गाडीत बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.

शॉकअपच्या नळीला भोक पाडून, तेल भरून वेल्डिंग करून देणारे ठाण्यात आजही भेटतात. कृपा करून ते करू नका. सील झिजलेलं तसंच राहतं, व्हॉल्व्ह तसाच राहतो, आणि घोडबंदर रोडचा एक पावसाळा झाला की तेल पुन्हा बाहेर. वरचं आट्यांचं झाकण उघडणारा जुना शॉकअप असेल आणि दांड्यावरचं क्रोम गुळगुळीत असेल, तरच नवं सील आणि शॉकअपचंच तेल घालून तो बांधण्यात अर्थ आहे. इंजिन ऑइल घालू नका, ते फार जाड पडतं.

नवा घ्यायला कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाताना जुना सोबत न्या. पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी आणि बुशचं भोक, तिन्ही जुळवा. लांबीला कमी पडला तर खड्ड्यात चाक खाली जाताना तोच ताणला जाऊन तुटतो. घ्यायचा तो जोडीनेच.

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, बॉडी स्टँडवर टेका आणि अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवा. नाहीतर शॉकअप सुटताच अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो.

दुकानात आडवा पडलेला शॉकअप तसाच बसवू नका. उभा धरून सावकाश पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. सुरुवातीला मध्येच हात रिकामा जातो, ती आतली हवा. सगळीकडे सारखा जोर लागेपर्यंत करत राहा. दांड्याला पक्कड लावायची नाही. एक ओरखडा सील कापायला पुरतो.

नट आधी हलकेच लावा. गाडी चाकांवर उतरवली, की मग आवळा. लोंबत्या अ‍ॅक्सलवर आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत चक्कर मारा आणि परत येऊन नटांवर पुन्हा पाना लावा. पुढचे शॉकअपही गेले असतील तर ते घरी उघडू नका. तिथे दाबलेली कॉइल स्प्रिंग असते, स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच जा.