चर्चच्या भिंतीचा लोणा

वसईतल्या आमच्या जुन्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला दरवर्षी लोणा लागायचा, म्हणजे ओलीबरोबर क्षार बाहेर फुटायचे. पोपडे धरले की आम्ही पुन्हा रंग द्यायचो. तीन पावसाळे हेच. शेवटी एका गवंडीकाकांनी भिंत ठोकून पाहिली नि म्हणाले, "अरे, दुखणं वरच्या सिमेंटात आहे."

भिंत दगड-चुन्याची. कधीतरी कुणीतरी (चांगल्याच हेतूने) तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवलेला. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून हळूहळू सुकून जाते. सिमेंट तिला कोंडतं, मग क्षार आतून गिलावा फोडतात.

पावसाळ्यानंतर, रविवारच्या मिस्सानंतर छिन्नी-हातोडे घेऊन भिडलो. ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत सिमेंट काढलं, सांधे ब्रशने झाडले आणि भिंत दोन महिने उघडीच ठेवली. लग्न ठरलेल्या घरांनी केवढी कुरकुर केली! मग मुरवलेला चुना, वाळू, थोडी सुरखी (विटांची भुकटी). पातळ थर, वर ओली गोणपाटं. ऑइल पेंट नाहीच, फक्त चुन्याची सफेदी.

बाहेर जोत्याला टेकलेली मातीही खोदून उतरवली. खरं तर हे आधी करायचं. यंदा तळाशी एकच वीतभर डाग दिसला. तिथली पन्हळ फुटली होती.