मॉडेल देखणं, पण जागा कुठंय? स्टडी मॉडेल आणि कोलाजमधल्या या चुका टाळा

टेबलावर पांढरंशुभ्र सनबोर्डचं (हलक्या फोम बोर्डाचं) मॉडेल, खाली हिरवं कृत्रिम गवत, शेजारी ए-२ कागदावर रंगीत कोलाज, म्हणजे कागद-फोटोंचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र. सर विचारतात, "खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, ओटीवर चढताना काय वाटतं?" आणि विद्यार्थी उत्तरासाठी प्लॅनची शीट उलगडतो. आर्किटेक्चरच्या स्टुडिओत हे दर सेमिस्टरला घडतं. मॉडेल आणि कोलाज दोन्ही रात्र जागून केलेले असतात, पण त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं. डिझाइन आधी ठरलं आणि मॉडेल नंतर झालं, की असं होतं.

खालच्या चुका कोकणातल्या साइटवर काम करणाऱ्यांसाठी आहेत. चिरा (जांभा दगड), कौलं, उतार आणि दमट हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

एकाच मॉडेलकडून सगळं मागणं

स्टडी मॉडेल म्हणजे डिझाइन ठरवतानाच काहीतरी तपासायला केलेलं कच्चं मॉडेल. त्याला एक प्रश्न पुरतो. उदाहरण घ्या: ओटी खळ्यापेक्षा किती उंच हवी? १:५० च्या स्केलला (मॉडेलातला १ मि.मी. म्हणजे प्रत्यक्षात ५० मि.मी.) १ मि.मी. ग्रे बोर्डचे थर लावून तीन तुकडे करा, ९, १२ आणि १८ मि.मी. उंचीचे. म्हणजे प्रत्यक्षात ४५, ६० आणि ९० सें.मी. ४५ ला माणूस पाय खाली सोडून कडेवर बसतो. त्याची नजर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास राहते आणि खळ्यात उभा असलेला माणूस त्याच्याकडे वाकून बघतो. ९० ला मांडी घालून बसलेल्याची नजर साधारण १.६ मीटरवर येते, म्हणजे खळ्यात उभ्या असलेल्याच्या जवळजवळ समोरासमोर. पाहुण्याला बसवून घ्यायचं की उभ्या उभ्या बोळवायचं, ते या दोन-तीन थरांवर ठरतं. प्लॅनमध्ये मात्र तिन्ही ठिकाणी एकच रेघ दिसते.

अशा मॉडेलला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. गोंद नको, मास्किंग टेप वापरा; तुकडा उचलून दुसरा बसवता आला पाहिजे. गोंदाने पक्कं चिकटवलेलं मॉडेल मोडायला जीवावर येतं, आणि मग विद्यार्थी मॉडेल वाचवण्यासाठी चुकीच्या डिझाइनची बाजू मांडत बसतो.

भिंतीला जाडीच नसणं

१:५० ला माउंटबोर्डची २ मि.मी. भिंत म्हणजे फक्त १० सें.मी. चिऱ्याची ९ इंची भिंत गिलाव्यासकट २५ सें.मी.च्या आसपास जाते, म्हणजे १:५० ला ५ मि.मी. त्यासाठी ५ मि.मी. सनबोर्ड नेमका बसतो. १:१०० ला १ मि.मी.चे दोन थर चालतात; तिथे ३ मि.मी. सनबोर्ड वापरला तर भिंत फुटभर जाड होते. जाडी चुकली की खिडकीची खोली चुकते. चिऱ्याच्या घरातला अंधार आणि गारवा बराचसा त्या खोलीतून येतो.

कापतानाची नेहमीची चूक म्हणजे कोपऱ्यातली जाडी वजा न करणं. बाहेरून ८० × ६० मि.मी.ची खोली ५ मि.मी. बोर्डात करायची, तर दोन बाजू ८० च्या आणि उरलेल्या दोन ५० च्या कापायच्या. चारही बाजू पूर्ण मापाच्या कापल्या की खोली १० मि.मी.ने फुगते, छप्पर बसत नाही, आणि दोष छपराला दिला जातो.

माणूस मात्र पहिल्याच दिवशी कापून ठेवा: १:२०० ला ८ मि.मी., १:१०० ला साडेसोळा, १:५० ला ३३. जाड कागदाचा, उभा राहील असा. त्याच्याशिवाय मॉडेलचं स्केल फक्त लेबलावर असतं.

छप्पर प्लॅनच्या मापाने कापणं

प्लॅनमध्ये आढ्यापासून (छपराच्या माथ्यापासून) पागोळीपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) ३ मीटर दिसतं, म्हणून १:५० ला ६० मि.मी.चा तुकडा कापला जातो. तिरकी बाजू आडव्या मापापेक्षा मोठी असते. ३० अंशांच्या उतारावर ३ मीटरचे ३.४६ होतात, तुकडा ६९ मि.मी. हवा. तो ६० चा कापला की एक तर उतार सपाट होतो, नाहीतर पागोळी भिंतीला चिकटते. मग विद्यार्थी म्हणतो, "सर, छपराला ओव्हरहँग कमी वाटतोय."

ओव्हरहँगची, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराची, खरी परीक्षा पावसाची. मॉडेलच्या सेक्शनवर (उभ्या छेदावर) पागोळीच्या टोकापासून आत ४५ अंशांत दोरा ताणा. पागोळी जमिनीपासून २.१ मीटर उंच आणि खांबाच्या ओळीपासून ०.९ मीटर बाहेर असेल, तर तिरका पाऊस पडवीत १.२ मीटर आत येतो. पागोळी १.८ मीटरवर आणली की ०.९. जुन्या घरांच्या पागोळ्या वाकून जावं लागेल इतक्या खाली का असतात, ते या दोऱ्याने एका मिनिटात कळतं. वारा जोराचा असेल तर ४५ अंशसुद्धा कमी पडतात; उभ्या रेषेपासून ६० अंशांचाही दोरा लावून बघा.

वरूनच बघत राहणं

टेबलावरच्या मॉडेलकडे आपण घारीसारखे वरून बघतो. त्या कोनातून कुठलंही अंगण छान दिसतं. १:५० ला उभ्या माणसाची नजर बेसपासून फक्त ३ सें.मी. वर असते. मोबाइल सरळ धरला तर कॅमेरा त्यापेक्षा बराच वर राहतो. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स बेसच्या जवळ येते. खोलीच्या आतला फोटो हवा असेल तर एक भिंत टेपवर ठेवा, काढता येईल अशी. छप्पर लावूनच फोटो घ्या. छप्पर काढून घेतलेला आतला फोटो उजेडाबद्दल खोटं सांगतो.

उजेड तपासायला मोबाइलचा टॉर्चही खोटाच. त्याचे किरण जवळच्या एका ठिपक्यातून पसरतात, सूर्याचे समांतर येतात. मॉडेल उन्हात न्या. बेसवर ५० मि.मी.ची टाचणी सरळ उभी करा, उत्तर दाखवणारा बाण काढा आणि टाचणीची सावली हव्या त्या लांबीची पडेपर्यंत मॉडेल कलतं करा. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तरेला आहे. तिथे २१ डिसेंबरला माध्यान्हीची सावली सुमारे ४३ मि.मी. उत्तरेकडे, २१ मार्चला १५ मि.मी. उत्तरेकडे, आणि २१ जूनला ५-६ मि.मी., तीही दक्षिणेकडे पडते. होय, जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. निम्म्या वर्गाला हे पटत नाही. साइटवर प्रत्यक्ष मोजणार असाल तर रत्नागिरीची माध्यान्ह घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर होते, बाराला नाही.

साइट सपाट, झाडं बुटकी

कंटूर मॉडेलमध्ये (समान उंचीच्या रेषांप्रमाणे थर रचून केलेल्या जमिनीच्या मॉडेलमध्ये) बोर्डची जाडी आणि कंटूरचं अंतर जुळवून घ्या: १ मीटरचे कंटूर १:५०० ला २ मि.मी., १:२०० ला ५ मि.मी. हातात आहे तो बोर्ड लावला की सडा (सपाट कातळाचा माळ) डोंगर होतो किंवा डोंगर सडा. प्रत्येक थर वरच्या थराखाली निदान १५ मि.मी. आत जाऊ द्या, नाहीतर गोंदाला जागाच उरत नाही.

माड १५ ते २० मीटर उंच जातो. १:१०० ला घराचं आढं ६ सें.मी. आणि माड १५ सें.मी.च्या वर हवा. बाजारातली ४ सें.मी.ची तयार झाडं लावली की आगरातली (नारळ-पोफळीच्या बागेतली) जागाच नाहीशी होते. नारळाची लागवड साधारण साडेसात मीटरवर, पोफळीची २.७ मीटरवर होते. १:१०० ला ७५ आणि २७ मि.मी. एवढ्या अंतरावर नुसत्या उभ्या काड्या रोवून बघा. पोफळीच्या बागेत खांबांच्या दालनासारखी दाटी होते, माडांखाली मंडपासारखी मोकळीक. डिझाइनची सुरुवात तिथून होऊ शकते.

कोलाज म्हणजे सजावट समजणं

आर्किटेक्ट मिस व्हान डेर रोह यांनी १९४२ मध्ये एका कॉन्सर्ट हॉलच्या कल्पनेसाठी विमान कारखान्याच्या आतल्या फोटोवर मोजकेच सपाट तुकडे चिकटवले. ना खुर्च्या, ना झुंबरं. त्या चार-दोन तुकड्यांनी अवाढव्य पोकळीत श्रोत्यांची जागा तयार झाली. कोलाजचं काम एवढंच: कुठला पृष्ठभाग पुढे, कुठला मागे, त्यांच्यामध्ये काय उरतं.

म्हणून पहिलं कोलाज रंगीत करूच नका. वर्तमानपत्र, ब्राउन पेपर आणि काळा कार्ड पेपर, एवढंच घ्या. ए-४ वर दीड मीटर उंचीची क्षितिजरेषा पेन्सिलने काढा, आधी जमीन चिकटवा, मग छताचा अंधार, मग तीन किंवा चार पृष्ठभाग, शेवटी माणूस. सहा-सात तुकड्यांत जागा दिसत नसेल तर पन्नासांत दिसणार नाही.

रंगीत कोलाजात सगळ्यात जास्त गडबड माणसांची होते. जवळचा मोठा, लांबचा लहान, एवढं ठाऊक असतं. पण सगळ्यांचे पाय एका ओळीत ठेवले जातात. सपाट जमिनीवर बघणाऱ्याएवढ्याच उंचीची उभी माणसं असतील तर त्यांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, जवळची असोत की लांबची. पाय वरखाली होतात. बसलेली माणसं आणि मुलं रेषेच्या खाली.

दुसरी गडबड पोताच्या मापाची. चिऱ्याचा एक थर साधारण १८ ते २० सें.मी. धरला तर ३ मीटरच्या भिंतीत १५-१६ थर दिसले पाहिजेत. फोटोतले सहा थर ताणून भिंतभर लावले की भिंत कुंपणाच्या गडग्याएवढी होते. मंगलोरी कौलाच्या रांगा ३०-३२ सें.मी.वर येतात; वरच्या ३.४६ मीटर उतारावर १०-११ रांगा मोजून घ्या. फोटो स्वतःच काढा, ढगाळ दिवशी, भिंतीच्या अगदी समोर उभं राहून. उन्हातल्या फोटोत सावल्या आधीच ठरलेल्या असतात, आणि डावीकडून उजेड येणाऱ्या कोलाजात उजवीकडच्या उजेडाचा चिरा लगेच खुपतो. निदान फोटोची डावी-उजवी बाजू उलटवून घ्या.

इंटरनेटवरून उचललेली ओव्हरकोटमधली माणसं आणि पानगळीची झाडं वेंगुर्ल्याच्या साइटवर ठेवू नका. खळ्यात आंबोशी वाळत घालणारी आजी ठेवलीत तर महिना कळतो, ऊन कळतं, आणि खळं किती मोठं हवं तेही कळतं.

गोंद, दमट हवा आणि बाकीची कटकट

*बोर्डला बाक येतो.* फेविकॉल पाण्यातला गोंद आहे. एका बाजूने लावला की तीच बाजू फुगते आणि वाळताना आकसते. गोंद जुन्या कार्डच्या तुकड्याने पातळ ओढा, तोही फोटोवर न लावता बोर्डवर. मागच्या बाजूला तशाच जाडीचा कागद चिकटवा आणि पुस्तकांखाली ठेवा. मे महिन्यात एक रात्र पुरते, जुलैत दोन धरा, आणि मधला वर्तमानपत्राचा कागद बदला. इंकजेट प्रिंट तर ओल्या गोंदाने पसरते, तिच्यासाठी ग्लू स्टिक किंवा डबल टेप. बटर पेपरला फक्त कडेला टेपचे ठिपके.

*अॅक्रेलिकवर पांढरी धुरकट साय.* फेविक्विकसारखा झटपट गोंद हवेतल्या ओलाव्यानेच पकडतो. दमट हवेत त्याची वाफ सांध्याजवळ पांढरी होऊन बसते. थेंब नको, टाचणीच्या टोकाने लावा आणि पंखा सुरू ठेवा. थर्माकोलवर हा गोंद चालतच नाही, तो थर्माकोल खातो. स्प्रे पेंटही खातो. आधी फेविकॉलचा पातळ हात देऊन वाळू द्या.

*किनाऱ्याची वाळू सुटून येते.* त्या वाळूत मीठ असतं, मीठ ओल धरतं, गोंद वाळत नाही. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, कडक वाळवून, चाळून मगच वापरा.

*कडा फाटतात.* ब्लेड जुनं आहे किंवा एका दमात कापलंय. स्टीलची पट्टी, हलक्या हाताने तीन-चार फेऱ्या, आणि बोथट झालेला तुकडा लगेच मोडून टाका. खाऱ्या हवेत ब्लेड गंजतं आणि पांढऱ्या बोर्डवर तपकिरी रेघ सोडतं. ठेवताना मशीन ऑइलचा हात द्या, कापण्याआधी पुसा.

*बुरशी.* श्रावणात कपाटावर ठेवलेलं मॉडेल गणपतीपर्यंत ठिपकेदार होतं. पूर्ण वाळल्याशिवाय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते. वाळल्यावर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, तोंडाला रुमाल बांधून; ओल्या फडक्याने पुसली तर डाग बोर्डात उतरतो. आणि सुकी पानं, काथ्या, सुरूच्या काड्या मॉडेलवर लावलेल्या असतील तर आधी त्या काढा, बुरशीची सुरुवात बहुधा तिथूनच झालेली असते.