मासा टाकीएवढाच वाढतो?

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात प्रत्येक गोल्डफिशवाल्या घरी एकच समजूत: मासा भांड्याच्या मापाने वाढतो. अर्धं खरं आहे. पण भांडं वाढ थांबवतं ते मापाने नाही, घाणीने. लहान भांड्यात विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पटकन साठतो, प्राणवायू कमी पडतो, आणि मासा खुरटतो. साधा गोल्डफिश चांगल्या पाण्यात २५-३० सेंटीमीटरपर्यंत जातो, दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. काचेच्या गोल भांड्यातला मात्र बिचारा बोटभरच राहून वर्ष-दोन वर्षांत जातो.

म्हणून टाकी मोठी घ्या, फिल्टर लावा, आणि दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदला. सगळं एकदम नको. फिल्टरही नळाखाली धुऊ नका, त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्याच पाण्यात खळबळून घ्या. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. जास्त घातल्याने मासा मोठा होत नाही, पाणी मात्र नासतं.

जातीची मर्यादा अर्थात असतेच. इवल्याशा गप्पी माशाला कितीही खाऊ घाला, तो गप्पीच.

शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांनाही हेच लागू. बीज, म्हणजे माशांची पिल्लं, दाटीने सोडलं की नग जास्त, वजन कमी. थंडीत पाणी गार झालं की मासे खातातही कमी, तेव्हा खाद्य आवरतं घ्या. तिलापियात तर नर मादीपेक्षा भरभर वाढतो, त्यामुळे बरेच जण फक्त नरांचंच बीज घेतात.