छोट्या ट्रॅक्टरला डिस्क हॅरो घेताय? गँगचा नट आधी, बाकी सगळं नंतर

मागच्या वेळी नवा हॅरो जोडला तो थेट दिवसभर मारला, मधे एकदाही पाना लावला नाही आणि संध्याकाळी बघतो तर मागच्या गँगमधले (गँग म्हणजे एकाच लांब बोल्टवर ओवलेली तव्यांची, म्हणजे डिस्कची, रांग) तवे हाताने हलत होते, चौकोनी भोकं कोपऱ्यात झिजलेली. नवीन म्हणजे घट्टच असणार हे डोक्यातून आधी काढा.

घेताना पहिलं, एचपी आणि रुंदी. 20-25 एचपीला हलका टँडम (पुढे आणि मागे गँग असलेला हॅरो) साधारण 4 ते 5 फुटांचा बास, त्यातही जमीन जड असेल तर 4 च. मागच्या टायरच्या खुणा पुसल्या जातील एवढी रुंदी पाहिजे, त्याहून जास्तीचा मोह नको. लोक तवे मोजतात, वजन कोणी विचारत नाही. तवा जमिनीत जातो तो वजनाने आणि गँगच्या कोनाने, याला काही पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा) नसतो फिरवायला, त्यामुळे रुंद पण हलका हॅरो नुसता वरून खरवडत जातो. मात्र वजन ट्रॅक्टरच्या लिफ्टला झेपलं पाहिजे. विकत घेण्याआधी जोडून पूर्ण उचलून बघा, पुढची चाकं हलकी झाली तर पुढे वजनं लावावी लागतील नाहीतर स्टिअरिंग हातात राहणार नाही. जोडायच्या पिना बघा, कॅटेगरी 1 ला (छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीचं माप) खालच्या 22 मिमीच्या. तवे पुढे खाचांचे आणि मागे साधे हे चांगलं, खाचांचे धसकटं कापतात, साधे माती बारीक करतात. गँगचा कोन बदलता येणारा हवाच.

आता नट. स्पूल (दोन तव्यांत अंतर ठेवणारा तुकडा) आणि तव्याच्या मधे रंग असतो, काम सुरू झालं की तो घासून निघतो, स्पूल नीट बसतात आणि तेवढ्यानेच बोल्ट ढिला होतो, कारखान्यात कितीही आवळलेला असू दे. म्हणून पहिला तास-दोन तास मारून झाले की थांबा आणि आवळा. घाई असली तरी थांबा. हॅरो जमिनीवर टेकवून, ट्रॅक्टर बंद करून, तव्यांमधे लाकूड अडकवून, लांब दांड्याचा पाना किंवा पान्याला पाइप लावून आवळायचं, नुसत्या मनगटाच्या जोराने होत नाही. हातमोजे घाला, तव्याची धार पातीसारखी असते. कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायची पिन) भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे ढिला करून कधीच नाही!! त्या दिवशी संध्याकाळी परत बघा, मग पहिले काही दिवस रोज. एक तवा ढिला म्हणजे सगळी गँग ढिली, कारण बोल्ट एकच, आणि मग तवे तडकतात, बोल्ट वाकतो.

शेतात नेल्यावर वापसा बघा. ओल्यात तवे माखतात आणि खाली माती दाबली जाते, पार सुकल्यावर ढेकळं फुटत नाहीत, नुसती उड्या मारत जातात. टॉप लिंकने (हॅरोला जोडणारा वरचा दांडा) पुढचीमागची गँग सारखी खोल करा, लेव्हलिंग रॉडने डावंउजवं. खोल जात नसेल तर आधी कोन वाढवा, मग वजन, पण माणूस वर बसवायचा नाही, कधीच नाही, पडला तर थेट तव्यांखाली जातो. वळताना उचला. तवे जमिनीत ठेवून वळवलं की सगळा आडवा जोर बेअरिंगवर आणि परत त्याच बोल्टवर येतो.

आवळलात का नट? मग पुढे.

ग्रीस कंपनी सांगेल तसं, सील असलेल्या बेअरिंगमधे मात्र ग्रीस गन जोरात मारू नका, सील बाहेर येतं. स्क्रॅपर (तव्यावरची माती काढणारी पट्टी) तव्याला घासता कामा नये, पण जवळ हवा. झिजलेला तवा एकटा बदलू नका, एका गँगमधे सगळे एकाच मापाचे, आणि बदलले की गँग परत नवीच धरायची, म्हणजे तास-दोन तासांनी पाना.

हंगाम संपला की धुवा, वाळवा, चकाकणाऱ्या भागाला जुनं ऑइल फासा, फळ्यांवर टेकवून छपराखाली ठेवा. लिफ्टवर लटकवून ठेवू नका.