अ‍ॅनाटॉमी शिकताना या चुका टाळा

दरवर्षी बॅच नवी येते, चुका मात्र त्याच. माझी सगळ्यात नावडती चूक आधी सांगतो: आकृती पाठ झाली म्हणजे विषय झाला असं समजणं.

ब्रेकियल प्लेक्ससच घ्या, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं (मज्जातंतूंचं) जाळं. कण्यातून निघणाऱ्या सी ५ ते टी १ या ५ रूट्स (मुळं), मग ३ ट्रंक्स, ६ डिव्हिजन्स, ३ कॉर्ड्स. एक मुलगा ही आकृती फळ्यावर अर्ध्या मिनिटात काढायचा. वर्ग थक्क. तोच डिसेक्शनच्या टेबलावर मृतदेहाच्या काखेतली चरबी काढायला बसला, तर काही सुचेना. तिथे रंग नसतात; सगळ्या नर्व्ह पांढरट दोऱ्यांसारख्या. आर्टरीवरून (धमनीवरून) आडवी गेलेली एक दोरी मध्ये येत होती, ती त्याने कचकन कापली. ती मेडियन नर्व्हची, म्हणजे हाताच्या एका मुख्य नर्व्हची, मेडियल (आतल्या बाजूची) रूट होती! त्या टेबलावरच्या बाकीच्यांना मग दुसऱ्या बाजूच्या हातावर शिकावं लागलं.

मी मानेकडून खाली हाताकडे येतच नाही. दंडातल्या कोराकोब्रेकियालिस स्नायूला भेदून आत शिरणारी नर्व्ह आधी पकडतो. ती मस्क्युलोक्युटेनियस, दुसरी कुठली असायची शक्यता फार कमी. तिच्या मागे वर गेलं की लॅटरल (बाहेरच्या बाजूची) कॉर्ड, तिथून मेडियन, मग अल्नर. या नर्व्ह मिळून आर्टरीवर इंग्रजी एम उमटतो. कात्री मिटून आत घालायची आणि उघडायची, म्हणजे थर आपोआप सुटतात. कापायच्या आधी नाव मोठ्याने म्हणायचं. नाव येत नाही? मग कात्री खाली.

दुसरी चूक हाडांची. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, खडूसारखं उभं धरतात आणि ‘उजवं’ म्हणून ठोकून देतात. निम्म्या वेळा बरोबर येतंच, त्यामुळे सवय मोडत नाही. जाड टोक स्टर्नमकडे (छातीच्या मधल्या हाडाकडे), चपटं खांद्याकडे. स्टर्नमकडच्या भागाचा फुगवटा पुढे, खोबण खाली. एवढं जुळवून हाड स्वतःच्या गळ्याखाली धरून बघा. ज्या बाजूला बसलं, त्या बाजूचं. फिब्युला (पायाचं बारीक हाड) उलटी धरून तिच्या हेडचं, म्हणजे गुडघ्याकडच्या टोकाचं, ‘लॅटरल मॅलिओलस’ (घोट्याचा बाहेरचा उंचवटा) म्हणून साग्रसंगीत वर्णन करणारा विद्यार्थीही मी ऐकलाय.

बाकीच्या चुका झटपट. तिसऱ्या रांगेतून डिसेक्शन दिसत नाही, पुढे घुसा. दुप्पट वेगाने पाहिलेला व्हिडिओ म्हणजे अभ्यास नव्हे. नेमॉनिक्स (लक्षात ठेवायच्या अक्षरांच्या युक्त्या) शेवटी, नाहीतर अक्षरं आठवतात, हाडं नाही. एम्ब्रियॉलॉजी (गर्भाच्या वाढीचा अभ्यास) टाळणाऱ्यांना, स्वरयंत्राकडे जाणारी डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह छातीत उतरून एओर्टाच्या (महाधमनीच्या) कमानीला वळसा का घालते, हे नुसतं घोकावं लागतं.

आणि निघताना उघडलेला भाग ओल्या कपड्याने झाकत जा. सुकलेली नर्व्ह चामड्याच्या वादीसारखी होते. मग ती मलाही ओळखता येत नाही.